चेतापेशीतील रिसेप्टर कुठे बसतात आणि ते कसे शोधावेत: एक प्रयोगमार्ग

एखादा रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारे प्रथिन, चेतापेशीत आहे, एवढ्या विधानाने त्याच्या कामाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. तोच रिसेप्टर चेतासंधीच्या ऐन मध्यभागी असेल तर शेजारच्या पेशीने सोडलेल्या रसायनाचा पूर्ण मारा त्याच्यावर होतो. काही शे नॅनोमीटर बाजूला असेल तर त्याच्या वाट्याला ओसंडून आलेले तेवढेच येते. आणि पेशीच्या आत एखाद्या पुटिकेत (पटलाच्या सूक्ष्म पिशवीत) पडून असेल तर बाहेर काय चालले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. या क्षेत्रातील पुष्कळशा चुकांचे मूळ प्रश्न अर्धवट विचारण्यात असते. यंत्राचा दोष त्या मानाने क्वचित निघतो. चेतापेशींवर प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पाठ्यपुस्तकांत रिसेप्टरला ग्राही म्हणतात, परंतु प्रयोगशाळेत कोणी तसे म्हणताना फारसे ऐकू येत नाही. म्हणून येथेही रिसेप्टर हाच शब्द ठेवला आहे.

आधी नकाशा डोक्यात असावा

उदाहरणासाठी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील पिरॅमिड आकाराची चेतापेशी घेऊ. तिच्या डेंड्राइटवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांवर, स्पाइन नावाचे बारीक कोंब असतात आणि बहुतेक स्पाइनच्या टोकावर ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाने चालणारी एक चेतासंधी असते. संदेश सोडणारी आणि घेणारी अशा दोन पटलांमधील फट साधारण २० नॅनोमीटरची असते. घेणाऱ्या पटलाच्या आतल्या बाजूला प्रथिनांचा दाट गालिचा असतो. त्याचा व्यास साधारण २०० ते ५०० नॅनोमीटर आणि जाडी ३० ते ५० नॅनोमीटर भरते. या गालिच्यातील पीएसडी-९५ हे प्रथिन खुंटीसारखे काम करते. ग्लुटामेटच्या रिसेप्टरपैकी एएमपीए रिसेप्टर सहायक प्रथिनांच्या मार्फत, तर एनएमडीए रिसेप्टर आपल्या शेपटीने थेट या खुंटीला अडकतात. मेटाबोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टरपैकी १ आणि ५ क्रमांकाचे रिसेप्टर मात्र गालिच्याच्या काठाला, किंचित बाहेर, दाटीने आढळतात.

ही मांडणी सहज झालेली नाही. ग्लुटामेटने भरलेली एक पुटिका फुटली की फटीतील ग्लुटामेटचे प्रमाण क्षणभर सुमारे १ मिलिमोलरपर्यंत चढते आणि साधारण मिलिसेकंदभरात ओसरते. एएमपीए रिसेप्टरची ग्लुटामेटवरची पकड सैल असल्यामुळे पुटिका जिथे फुटली त्याच्या अगदी समोर असलेलेच रिसेप्टर चांगले उघडतात. पकड घट्ट असलेल्या एनएमडीए रिसेप्टरला थोडे लांब असूनही चालते. गालिच्यातसुद्धा एएमपीए रिसेप्टर सारखे पसरलेले नसून शंभरएक नॅनोमीटरच्या लहान पुंजक्यांत असतात, हे २०१३ च्या सुमारास दिसून आले. हे पुंजके पलीकडच्या पटलावरील पुटिका फुटण्याच्या जागांसमोर येतात, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. रिसेप्टरची संख्या तीच ठेवून त्यांना नुसते बाजूला सरकवले तरी संधीची ताकद बदलू शकते, ही या विषयातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

चेतापेशीला शांत करणाऱ्या संधींवर पीएसडी-९५ ऐवजी गेफिरिन हे प्रथिन गाबा आणि ग्लायसिन या शांत करणाऱ्या रसायनांच्या रिसेप्टरना धरून ठेवते. परंतु गाबाचे सगळेच रिसेप्टर तिथे नसतात: अनुमस्तिष्कातील ग्रॅन्यूल पेशींवर डेल्टा उपघटक असलेले गाबा-ए रिसेप्टर संधीबाहेर राहून सतत झिरपणारा मंद प्रवाह देतात. संदेश सोडणाऱ्या बाजूलाही रिसेप्टर असतात. मेटाबोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टर ७ पुटिका फुटण्याच्या जागेतच बसतो, त्याचा भाऊबंद क्रमांक २ संधीपासून दूर ॲक्सॉनवर (संदेश पुढे नेणाऱ्या तंतूवर) आढळतो. पेशीच्या आत आयपी३ आणि रायनोडिन रिसेप्टर आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावर असतात, तर स्टेरॉइड संप्रेरकांचे रिसेप्टर पेशीद्रव आणि केंद्रक यांत ये-जा करतात. शिवाय पृष्ठभागावर काम करणारा प्रत्येक रिसेप्टर कधीतरी आंतर्द्रव्यजालिकेत घडतो, गॉल्जी संकुलातून पुढे जातो आणि पुटिकांतून आत-बाहेर होत राहतो. त्यामुळे रंगवलेल्या पेशीत तो जिथे दिसेल तिथे तो काम करत असेलच असे नाही.

पहिली पायरी: प्रश्न कोणत्या मापाचा आहे ते लिहून काढावे

मेंदूच्या कोणत्या भागात हा रिसेप्टर आहे, हा मिलिमीटरचा प्रश्न आहे. किरणोत्सारी रेणू चिकटवून घेतलेल्या कापांच्या प्रतिमा त्याला पुरतात. कोणत्या जातीची पेशी तो बनवते, या प्रश्नासाठी त्याच्या आरएनएचा माग घेणारे संकरण उत्तम. येथे एक सापळा आहे. आरएनए मुख्यतः पेशीकायेत सापडतो, परंतु त्यापासून बनलेले प्रथिन ॲक्सॉनमधून कित्येक मिलिमीटर दूर जाऊ शकते. त्यामुळे या पद्धतीतून कर्ता कळतो, ठिकाण कळत नाही. डेंड्राइट की ॲक्सॉन, हा मायक्रोमीटरचा प्रश्न आहे. संधीत की काठावर, हा दहा-वीस नॅनोमीटरचा. आणि पृष्ठभागावर की आत, हा प्रश्न मापाचा नाहीच. तो पटलाच्या कोणत्या बाजूचा, असा आहे आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकाच्या ताकदीपेक्षा नमुना कसा रंगवला हे महत्त्वाचे ठरते.

दुसरी पायरी: प्रतिपिंडाची परीक्षा

बहुतेक कामाचा भार प्रतिपिंडांवर असतो आणि बहुतेक फसगतही तिथेच होते. जी-प्रथिनांशी जोडलेल्या रिसेप्टरविरुद्ध विकल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांची ख्याती या बाबतीत वाईट आहे. प्रतिपिंडाची खरी कसोटी एकच: ज्या प्राण्यात त्या रिसेप्टरचे जनुक काढून टाकले आहे, त्याच्या ऊतीत, त्याच स्थिरीकरणानंतर (ऊती रसायनाने आहे तशी पक्की केल्यानंतर), त्याच पातळीची रंगाई केल्यावर काहीही दिसता कामा नये. प्रतिपिंड ज्या पेप्टाइडविरुद्ध बनवले तेच पेप्टाइड आधी मिसळून रंग नाहीसा झाल्याचे दाखवणे ही कसोटी पुरेशी नाही; चुकीच्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंडही त्याने गप्प होते. प्रथिने वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर योग्य वजनाची पट्टी येणे चांगलेच, परंतु ब्लॉटवर प्रथिन उलगडलेले असते आणि ऊतीत घडी घातलेले, म्हणून एकावरून दुसऱ्याची हमी मिळत नाही.

प्रतिपिंड रिसेप्टरच्या बाहेरच्या तुकड्याला चिकटते की आतल्या, हेही आधीच नोंदवून ठेवावे. एएमपीए रिसेप्टरचे अमिनो टोक पेशीबाहेर आणि कार्बॉक्सी टोक पेशीच्या आत असते. जिवंत पेशीचा पृष्ठभाग रंगवायचा तर पहिल्याविरुद्धचे प्रतिपिंडच चालेल.

प्रतिपिंड भरवशाचे नसेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे रिसेप्टरला घट्ट चिकटणारे नैसर्गिक विष. मण्यारीच्या कुळातील सापाच्या विषातून मिळणारे अल्फा-बंगारोटॉक्सिन स्नायूवरील ॲसिटिलकोलीन रिसेप्टरला असे बिलगते की त्याच्या आधारे रिसेप्टर अक्षरशः मोजता आले. चेता-स्नायू संधीच्या घड्यांच्या माथ्यावर ते दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे १०,००० भरतात. दुसरी वाट म्हणजे रिसेप्टरला जनुकीय मार्गाने खूणचिठ्ठी जोडणे. ही चिठ्ठी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने मूळ जनुकातच घालावी. बाहेरून जास्तीचे जनुक टाकून रिसेप्टरचे उत्पादन वाढवले तर खुंट्या अपुऱ्या पडतात आणि उरलेले रिसेप्टर भलत्याच जागी सांडतात. मग आपण पेशीची मांडणी पाहत नसतो, आपणच केलेली गर्दी पाहत असतो.

तिसरी पायरी: पृष्ठभाग आणि अंतर्भाग वेगळे करणे

या पायरीवर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत निष्काळजीपणे केला जाणारा प्रयोग हाच आहे. हिप्पोकॅम्पसच्या संवर्धित पेशी वापरत असल्यास त्या १४ ते २१ दिवसांच्या असाव्यात. त्याआधी स्पाइन पुरेशा पक्व नसतात. जिवंत पेशी असलेली बशी थंड करून तिच्यात बाह्य तुकड्याविरुद्धचे प्रतिपिंड सुमारे १० ते १५ मिनिटे ठेवावे. थंडी यासाठी की उबेत पेशी रिसेप्टर आत ओढून घेत राहते. वेळ कमी यासाठी की प्रतिपिंडाला दोन हात असतात आणि ते शेजारच्या दोन रिसेप्टरना एकत्र बांधून कृत्रिम पुंजके तयार करते. शंका असल्यास एकहाती फॅब तुकडा वापरावा.

त्यानंतर बशी हळुवार धुऊन ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १० ते १५ मिनिटे पेशींचे स्थिरीकरण करावे. पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारे, रंग असलेले दुसरे प्रतिपिंड डिटर्जंटशिवाय लावावे. ते धुतल्यावरच ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन या डिटर्जंटने पटलाला भोके पाडावीत आणि पीएसडी-९५ किंवा डेंड्राइटमधील मॅप२ या प्रथिनांसाठी वेगळ्या रंगाची प्रतिपिंडे लावावीत. क्रम उलटला तर सगळे श्रम वाया जातात.

प्रत्येक वेळी एक बशी पडताळणीसाठी राखावी: तिच्यात ट्रायटन अजिबात न वापरता मॅप२ चे प्रतिपिंड लावावे. मॅप२ पूर्णपणे पेशीच्या आत असते, म्हणून ते दिसले तर पटल फाटलेले आहे आणि त्या दिवसाचा तथाकथित पृष्ठभाग पृष्ठभाग नव्हे. स्थिरीकरणामुळेही पटल थोडे झिरपू शकते, हे लक्षात ठेवावे. याखेरीज नुसत्या पॅराफॉर्माल्डिहाइडने पटलातील रेणूंची हालचाल पूर्ण थांबतेच असे नाही; पुंजक्यांची मोजमापे करायची असतील तर थोडे ग्लुटारल्डिहाइड मिसळल्यास बरे, मात्र त्याने प्रतिपिंडाचे चिकटणे बिघडत नाही ना, हे आधी पाहावे.

हाच प्रश्न दोन वेगळ्या मार्गांनीही तपासता येतो. पृष्ठभागावरील सर्व प्रथिनांना पटलापार न जाणारे बायोटिन जोडून, पेशी फोडून, बायोटिन लागलेली प्रथिने वेगळी काढली की एकूण प्रमाण मिळते. ठिकाण मात्र हरवते. दुसरा मार्ग म्हणजे आम्लतेनुसार चमकणारे पीएच-फ्लुओरिन हे प्रथिन रिसेप्टरच्या बाह्य टोकाला जोडणे. बाहेरच्या ७.४ पीएचमध्ये ते चमकते आणि आम्लधर्मी पुटिकांमध्ये मंदावते. तरीही जे चमकले ते सगळे पृष्ठभागावरचे, असे मानण्याची घाई करू नये, कारण आंतर्द्रव्यजालिकेचा अंतर्भाग आम्लधर्मी नसतो आणि तिथे घडत असलेले रिसेप्टरही चमकतात. म्हणून आधी पेशींवर क्षणभर आम्लधर्मी द्रव सोडावा. जी चमक विझते तीच पृष्ठभागाची. नंतर अमोनियम क्लोराइड दिल्यावर पुटिकांतील लपलेले रिसेप्टरही उजळतात आणि एकूण हिशेब लागतो.

मेंदूचे काप वापरताना

ऊतीत एक विचित्र उलटापालट होते. संधीतील प्रथिनांचा गालिचा इतका दाट असतो की चांगल्या, दीर्घ स्थिरीकरणानंतर प्रतिपिंड त्यात शिरूच शकत नाही. परिणामी जिथे रिसेप्टर सर्वाधिक आहेत तिथेच ते दिसत नाहीत, आणि जिथे विरळ आहेत तो संधीबाहेरचा भाग उठून दिसतो. पेप्सिनने कापांवर थोडा वेळ प्रक्रिया करावी किंवा स्थिरीकरण सौम्य ठेवावे. दोन्ही करून पाहून पीएसडी-९५ ची खूण नीट उमटते का, यावर पद्धत निश्चित करावी. पीएसडी-९५ जर दिसत नसेल तर तुमचा रिसेप्टर न दिसण्याला काहीच अर्थ नाही.

चौथी पायरी: प्रकाशाने किती दिसते

साध्या किंवा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची मर्यादा आडव्या दिशेत सुमारे २०० आणि उभ्या दिशेत ५०० नॅनोमीटरहून अधिक आहे. संपूर्ण संधीच या मापाची असल्यामुळे दोन रंग एकावर एक आले म्हणजे दोन प्रथिने एकत्र आहेत, असे म्हणता येत नाही. ती एकाच परिसरात आहेत एवढेच म्हणता येते. डेंड्राइटवर ठिपके दाट असतील तर निव्वळ योगायोगानेही बरेच ठिपके जुळतात. हा योगायोग मोजण्याची सोपी रीत अशी: एका रंगाची प्रतिमा ९० अंशांत फिरवून पुन्हा जुळणी मोजावी आणि मूळ जुळणीतील त्याहून अधिक असलेला भागच विचारात घ्यावा. चित्रबिंदूचा आकार १०० नॅनोमीटरपेक्षा लहान ठेवावा, आणि भिंगामुळे दोन रंग एकमेकांपासून किती सरकतात हे सर्व रंगांत चमकणाऱ्या सूक्ष्म मण्यांवर दर वेळी तपासावे.

यापलीकडे जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकांसाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोअर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हेल यांच्या स्टेड पद्धतीत जैविक नमुन्यात ५० नॅनोमीटरच्या आसपासचा तपशील मिळतो. एकेक रेणू लुकलुकवून त्याची जागा ठरवणाऱ्या पाम आणि स्टॉर्म पद्धती २०० ऐवजी २० नॅनोमीटरपर्यंत नेतात. परंतु एकच रेणू अनेकदा लुकलुकतो आणि प्रत्येक वेळी किंचित वेगळ्या जागी नोंदला जातो, त्यामुळे एका रेणूचाही पुंजका दिसू लागतो. पुंजके सापडल्याचा दावा करण्यापूर्वी काचेवर विरळ पसरलेल्या एकेका प्रतिपिंडाची तशीच प्रतिमा घेऊन ती शेजारी ठेवावी. दुसरी अडचण खुणेच्या आकाराची: पहिले आणि दुसरे प्रतिपिंड मिळून रंग रिसेप्टरपासून २० ते ३० नॅनोमीटर दूर जाऊ शकतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाने कमावलेले प्रतिपिंडाने गमावले. नॅनोबॉडी, म्हणजे प्रतिपिंडाचा अगदी छोटा तुकडा, जेमतेम तीन-चार नॅनोमीटरची असते. एवढी यंत्रसामग्री नसल्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली नमुना फुगवण्याची पद्धत विचारात घ्यावी. पाणी शोषणाऱ्या जेलमध्ये नमुना जवळजवळ साडेचार पट फुगवून साध्या कॉन्फोकलखाली पाहता येतो.

पाचवी पायरी: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

पटल, गालिचा आणि रिसेप्टर एकाच चित्रात पाहायचे असतील तर सोन्याचे कण लावलेली प्रतिपिंडे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांना अजूनही पर्याय नाही. रेझिनमध्ये बसवण्याआधी खूण लावली तर संवेदनशीलता चांगली मिळते, पण वर सांगितलेला गालिच्याचा अडथळा कायम राहतो. नंतर लावली तर गालिचा उघडा पडतो, पण संवेदनशीलता घटते. काठावरच्या रिसेप्टरबद्दल निष्कर्ष काढायचा असेल तर निदान काही नमुने दुसऱ्या रीतीने करावेतच. गोठवून दुभंगलेल्या पटलाच्या प्रतिकृतीवर खूण लावण्याच्या, १९९५ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत पटल वरून दिसते आणि रिसेप्टरची घनता थेट मोजता येते. तिथे पटलाचा आतला अर्धा भाग मिळाला की बाहेरचा, यावर कोणते प्रतिपिंड चालेल हे ठरते. कोणत्याही पद्धतीत सोन्याचे कण म्हणजे रिसेप्टरची संख्या नव्हे. ते प्रमाणाचे सूचक आहेत.

सहावी पायरी: दिसलेला रिसेप्टर काम करतो का

जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये ग्रहणशील द्रव्याची कल्पना मांडली ती रिसेप्टर न पाहताच, केवळ निकोटिन आणि क्युरारी यांच्या परिणामांवरून. आज उलट स्थिती आहे: चित्रे मुबलक आणि त्यांचे कार्य तपासलेले नाही. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका आयन मार्गिकेचा प्रवाह मोजून दाखवला, आणि त्यातून विकसित झालेले पॅच क्लॅम्प तंत्र येथे उपयोगी पडते. डेंड्राइटच्या पटलाचा लहान तुकडा काढून त्यावर ग्लुटामेट सोडले की तिथले कार्यरत रिसेप्टर मोजता येतात. २००१ पासून वापरात असलेल्या द्विफोटॉन पद्धतीत निष्क्रिय करून ठेवलेले ग्लुटामेट लेसरने एका स्पाइनच्या टोकापाशी मुक्त करता येते, आणि स्पाइनगणिक प्रतिसादाचा नकाशा काढता येतो.

एनएमडीए रिसेप्टरसाठी एक युक्ती आहे. एमके-८०१ हे औषध फक्त उघडलेल्या मार्गिकेत अडकते. ते द्रावात ठेवून चेतासंधींना वारंवार उद्दीपित केले की संधीतील रिसेप्टर एकेक करून बंद पडतात. नंतर औषध धुऊन सगळ्या पेशीवर एनएमडीए सोडल्यास उरलेला प्रवाह संधीबाहेरील रिसेप्टरचा असतो. हा हिशेब लवकर उरकावा, कारण बाहेरचे रिसेप्टर पटलात सरकत संधीत शिरतात.

हे सरकणे मोजण्याच्या दोन रीती आहेत. खुणेचा रंग लेसरने एका जागी विझवून तिथे चमक किती वेगाने परतते हे पाहता येते. १९७६ मध्ये स्नायूच्या पटलातील ॲसिटिलकोलीन रिसेप्टरवर ही रीत वापरली गेली. किंवा एकेका रिसेप्टरला क्वांटम डॉट हा चमकणारा सूक्ष्म कण बांधून त्याचा माग काढता येतो, जसा २००३ मध्ये ग्लायसिन रिसेप्टरचा काढला गेला. आवरणासह क्वांटम डॉट संधीच्या फटीइतकाच रुंद होतो, त्यामुळे संधीच्या आतील वेग हवा असल्यास लहान रंगरेणू निवडावा.

मोजणी आणि नोंद

एका प्राण्याच्या दहा पेशींवरील दोन हजार संधी म्हणजे दोन हजार स्वतंत्र नमुने होत नाहीत. एकाच संवर्धनातील पेशी एकमेकींसारख्या असतात, म्हणून प्राणी किंवा स्वतंत्र संवर्धन हाच संख्येचा पाया धरावा आणि पेशी, संधी यांचे थर सांख्यिकीय प्रतिमानात दाखवावेत. ठिपका कशाला म्हणायचे त्याची उंबरठा-पातळी प्रतिमा पाहण्यापूर्वी ठरवून सर्व गटांना तीच लावावी, आणि कोणती बशी कोणत्या गटाची हे मोजणाऱ्यापासून लपवावे. अहवालात प्रतिपिंडाचा बॅच क्रमांक, ते कोणत्या तुकड्याला चिकटते, स्थिरीकरणाचा काळ, डिटर्जंट केव्हा दिले आणि मॅप२ ची पडताळणी कशी आली, ही माहिती लिहावी. दुसऱ्या प्रयोगशाळेत निकाल वेगळा आला तर तपास याच पाच नोंदींपासून सुरू होतो.